दूधसागर: उंची किती, दूध कशामुळे, आणि पुलामागची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब ऑक्टोबरअखेर गोव्याला निघालंय, सोबत सत्तरीच्या पुढचे आई-वडील. मुक्काम पणजीत, आणि दूधसागर पाहायचाच आहे. धबधब्याची उंची कुठे ३१० मीटर वाचायला मिळते, कुठे ६००, तर खरं काय? पाणी इतकं पांढरं का दिसतं? समोरून जाणारा रेल्वेचा पूल कोणी आणि कशासाठी बांधला? आणि घाटाच्या पायथ्याच्या कुळे गावाहून रुळांच्या कडेकडेने चालत गेलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. नाही, चालणार नाही. मी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. दर वर्षी मुलांना घेऊन या घाटात यायचे. त्या काळी पॅसेंजर दूधसागरला थांबायची, आम्ही उतरायचो, आणि कबूल करते की रुळांच्या कडेने आम्हीही चाललोय. तेव्हा गर्दी नव्हती, गाड्याही कमी होत्या. तरीसुद्धा आज मी ते करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही. घाटातले बोगदे वळणावर आहेत, आत पाण्याचा आवाज घुमतो आणि मागून येणारं इंजिन ऐकूच येत नाही. बोगद्यात अंग चोरायला भिंत आणि डबा यांच्यामध्ये पुरेशी जागा नसते. शिवाय रुळांवरून विनापरवाना चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज दूधसागरला गाडी थांबली तरी ती घाटाच्या कामासाठी थांबते, प्रवाशांना उतरवण्यासाठी नाही.

आता उंची. ३१० मीटर, म्हणजे १,०१७ फूट, हाच आकडा धरा. सहाशे मीटर म्हणजे जवळजवळ अख्खा घाट झाला, तेवढं पाणी एका जागी उतरत नाही. पण ३१० हा आकडा ऐकून जोगसारखी धार डोळ्यांसमोर आणाल तर तिथे पोचल्यावर चुकल्यासारखं वाटेल. जोगला शरावती २५३ मीटर खाली कोसळते आणि तिची राजा नावाची धार कड्याला न टेकता तळ गाठते. दूधसागरचं पाणी कातळाला धरूनच खाली येतं. चार मोठ्या टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्प्यात शेकडो लहान पायऱ्यांवरून ठेचकाळत. प्रवाहाची रुंदी सरासरी ३० मीटर सांगतात, जुलै-ऑगस्टमध्ये ती पुष्कळ वाढते. पुलावरून किंवा तळातून, कुठूनही बघा, चारही टप्पे एका नजरेत नीट बसत नाहीत. म्हणूनच मोजमापांचा घोळ होत असावा असं मला वाटतं. भारतात याचा क्रमांक कितवा, या वादात मात्र मी कधी पडले नाही. टप्प्याटप्प्याने उतरणारा धबधबा आणि एकसंध कोसळणारी धार यांची एका यादीत तुलना करणंच चुकीचं आहे.

हा फरक का पडतो? दगडामुळे. आणि इथेच बहुतेक मराठी माणूस चुकतो, कारण सह्याद्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा कातळ येतो. ठोसेघर, रंधा, लिंगमळा, भांबवलीचा वजराई, सगळे त्या काळ्या कातळावरचे, म्हणजे बेसाल्टवरचे. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून तो कातळ झाला. दोन थरांच्या मध्ये कुठे भाजल्यासारखा लाल मातीचा पट्टा, कुठे पोकळ्यांनी भरलेला ठिसूळ दगड. पाणी खालचा नरम थर आधी कोरतं, वरचा टणक थर छज्जासारखा पुढे राहतो आणि धार मोकळी पडते. मग तो छज्जा तुटतो आणि कडा एक पाऊल मागे सरतो. सातारा-नगरकडच्या धबधब्यांचं हे गणित.

दूधसागरला ते लागू पडत नाही. तिथे दख्खनचा कातळ नाहीच.

एका वर्षी मी सातारच्या घाटातला बेसाल्टचा एक तुकडा मुद्दाम पिशवीत घालून नेला होता. धबधब्याच्या तळाशी, उडणाऱ्या तुषारांत, एका गाडीएवढ्या ओल्या धोंड्यापाशी मुलांना उभं केलं. अभयारण्यात हातोडा चालवायचा नसतो, तेव्हा फक्त भिंग. एका हातात आमचा काळा तुकडा, डोळ्यासमोर तो धोंडा. एक मुलगी बराच वेळ भिंगातून बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हा आपल्याकडचा नाही. ह्याला पट्टे आहेत." बरोबर होतं तिचं. राखाडी आणि फिकट गुलाबी पट्टे आलटून पालटून, दुमडलेल्या शालीसारखे वळलेले. गुलाबी-पांढुरका तो फेल्डस्पार, काचेसारखी गारगोटी, आणि पट्ट्यांच्या कडेला चकाकणारे काळे कण अभ्रकाचे. हा पट्टिताश्म, नेहमीच्या बोलण्यात आम्ही त्याला नाइस म्हणतो. त्याच्या जोडीला याच परिसरातला ग्रॅनाइट, ज्याला भूशास्त्रात दूधसागर ग्रॅनाइट असंच नाव आहे. त्याचं वय ढोबळमानाने अडीचशे कोटी वर्षं निघतं. माझ्या हातातला साताऱ्याचा तुकडा साडेसहा कोटी वर्षांचा. त्या मुलीने दोन्हींवर एकेक हात ठेवला होता, तो क्षण मला अजून लख्ख आठवतो. पृथ्वीच्या पोटात खोलवर दाबला गेलेला, भाजलेला, पिळलेला हा दगड. गोव्यात दख्खनचा काळा कातळ आहे, पण तो ईशान्येच्या कोपऱ्यात. दूधसागर त्याच्या दक्षिणेला, फार जुन्या जमिनीवर आहे.

या दगडात आडवे नरम-टणक थर नाहीत. त्यात आहेत पट्टे, आणि त्यांना छेदणाऱ्या भेगा. पाणी भेगांमध्ये शिरतं, चौकोनी-तिरपे ठोकळे सुटे करतं, आणि कड्याचा उतार जिन्यासारखा होतो. छज्जा तयार होत नाही, म्हणून मोकळी धारही नाही. दूधसागरचं सारं रूप या एका गोष्टीतून आलेलं आहे, आणि तुमच्या दुधाच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

पाणी स्वतः पांढरं नसतं, ते तळाच्या डोहात ओंजळीत घेऊन बघा. नितळ असतं. डोहात खोलीला हिरवट दिसतं. कड्यावर मात्र ते पायरी पायरीवर आपटतं, फुटतं, त्यात हवा मिसळते. लाखो थेंब आणि बुडबुडे, आणि प्रत्येकाच्या पृष्ठभागावरून उजेड सगळ्या दिशांना उडतो. सगळे रंग सारख्याच प्रमाणात उडाले की डोळ्याला पांढरं दिसतं. दुधाचंही तेच आहे, तिथे स्निग्धाचे बारीक कण हे काम करतात. तेव्हा नाव देणाऱ्याची नजर पक्की होती असं मी म्हणेन. मोकळी पडणारी धार हवेत विरते, मधूनच पारदर्शक होते. दूधसागर वरपासून खालपर्यंत सलग पांढरा, कारण त्याला पायऱ्या सलग आहेत. पहिल्या पावसात थोडी तांबूस झाक असते. पुढे ती ओसरते, कारण वरचं पाणलोट बहुतेक जंगलाचं आहे आणि जंगल माती सोडत नाही.

स्थानिक कथा तुम्ही ऐकलीच असेल. रानातल्या तळ्यात स्नान करून राजकन्या रोज साखर घातलेलं दूध प्यायची. एकदा झाडीआडून एक राजपुत्र बघतोय हे लक्षात आलं, आणि तिने घागर उपडी करून दुधाचा पडदा केला. मुलांना ही गोष्ट मी नेहमी दगडाच्या आधी सांगायचे. गोष्टीतलं दूध पडदा होऊन पसरतं, धारेसारखं पडत नाही. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी धबधबा नीट पाहिला होता.

आता हा कडा इथे आलाच कुठून? डेक्कनच्या ज्वालामुखींनंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात थोड्या, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि आपला पश्चिम किनारा तयार झाला. एकीकडे समुद्र, दुसरीकडे उंच पठार, असा तीव्र उतार झाला. किनाऱ्याकडे धावणाऱ्या आखूड नद्यांनी त्या पठाराची कड कुरतडायला सुरुवात केली. कड मागे मागे, पूर्वेकडे सरकत गेली, आणि आजचा सह्याद्रीचा कडा म्हणजे त्या कुरतडण्याची आजची हद्द. दूधसागर त्या हद्दीवर आहे. वर कॅसल रॉकच्या बाजूला नदी सपाट पठारावर संथ वाहते, खाली कुळ्याच्या बाजूला पुन्हा संथ होते, आणि मधल्या थोडक्या अंतरात सगळी उंची टाकून देते.

पाऊसही त्याच कड्यामुळे. अरबी समुद्रावरचे ढग घाटाला अडतात, वर चढतात, थंड होतात. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर वरच्या घाटमाथ्यावर पाच हजारांच्या घरात, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. या नदीला धबधब्याच्या वर धरण नाही, हे फार महत्त्वाचं. जोगचं पाणी १९६४ पासून लिंगनमक्कीच्या धरणात अडतं, रंधा धबधबा १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या खाली आहे. तिथे किती पाणी दिसणार हे बऱ्याच अंशी दारं उघडणाऱ्यांच्या हातात. दूधसागरला जे दिसतं ते त्या आठवड्यात रानात पडलेलं, आणि मागच्या महिन्यांत जमिनीत मुरून भेगांमधून हळूहळू बाहेर येणारं पाणी. डिसेंबरातही धार टिकते ती मुरलेल्या पाण्यावर. एप्रिलमध्ये मात्र ओल्या कातळावर दोन-चार ओघळ उरतात. त्या दिवसांत दगड शिकवायला छान, बघायला उदास.

पूल. खरं सांगायचं तर दूधसागरची ओळख जगाला झाली ती या पुलामुळे. नाहीतर हे पाणी गुराखी आणि वाटसरूंपुरतंच राहिलं असतं.

एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीज सरकारकडे पैसा नव्हता, पण मुरगाव होतं. मुंबई आणि कोची यांच्या मधलं उत्तम नैसर्गिक बंदर. घाटावर बेळगाव-धारवाड-हुबळीचा कापूस होता, आणि ब्रिटिशांना त्यासाठी जवळचं बंदर हवं होतं. त्या मुलखाला ते सदर्न मराठा कंट्री म्हणत, म्हणून तिकडच्या रेल्वेचं नावही सदर्न मराठा रेल्वे. १८७८ च्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगालमध्ये करार झाला. गोवा आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामधली जकात उठवायची, मुरगावहून घाटावर रेल्वे न्यायची, आणि बदल्यात ब्रिटिशांनी पोर्तुगीज सरकारला दर वर्षी चार लाख रुपये द्यायचे. पण कराराला एक जड कलम होतं. गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि व्यापारावर ब्रिटिशांचा ताबा. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं पिकवणाऱ्या गोंयकारांना त्याचा मोठा फटका बसला. रेल्वेचा इतिहास सांगताना इंजिनियरांचं कौतुक होतं, मिठागरवाल्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी आवर्जून घेते.

मग लंडनमध्ये भांडवल उभं करून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनी आली. बंदराकडून सपाटीचं काम आधी झालं, आणि १८८८ मध्ये घाटातला मार्ग कॅसल रॉकला जाऊन भिडला. मीटरगेजचा मार्ग. घाटाला नाव दिलं पोर्तुगालच्या राजघराण्याचं, ब्रागांझा. कॅसल रॉक ते कुळे २६ किलोमीटर, आणि चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. तुम्ही पुण्याचे, तेव्हा तुम्हाला सांगायला सोपं आहे. आपल्या बोरघाटाचा चढ एवढाच. खंडाळ्याला गाडीच्या मागे ढकलायला इंजिनं लागतात ना, ते बँकर इथेही लागतात. उतारावर गाडी हातची सुटलीच तर तिला चढावर वळवून थोपवायला कॅच सायडिंग असते, तीही इथे आहे.

पण मार्ग धबधब्याच्या अगदी अंगावरूनच का नेला? देखावा दाखवायला तर नक्कीच नाही. ठरावीक चढ सोडायचा नाही म्हटलं की मार्गाला डोंगराच्या अंगाला चिकटून, प्रत्येक घळीत आत शिरून, पुन्हा बाहेर यावं लागतं. दूधसागर ही त्या वाटेवरची सगळ्यांत मोठी घळ. घळीच्या तोंडावरून उडी मारायची तर प्रचंड पूल लागला असता. आत, जिथे ती अरुंद होते तिथे, कड्याच्या मधल्या उंचीवर कमानींचा पूल पुरला. म्हणून धबधबा पुलाच्या वरही आहे आणि खालीही. गाडी पुलावर आली की पाणी एका बाजूने येतं आणि कमानींखालून दुसऱ्या बाजूला जातं. पावसाळ्यात खिडकी उघडी असेल तर सीट भिजते, डब्यातला गलका एकदम थांबतो आणि सगळे एका बाजूला जमा होतात. किती वेळा पाहिलं मी हे. पूल सरला, बोगदा लागला की मगच लोक बोलायला लागतात.

धंदा म्हणून मात्र ही रेल्वे मालकांच्या अपेक्षेएवढी चालली नाही. घाटावरचे रूळ पुण्याकडेही जोडले गेले आणि बराच माल तिकडे वळला. १८९२ मध्ये करार संपला, पुन्हा जकातनाके आले. वर कॅसल रॉकला ब्रिटिशांची तपासणी, खाली कुळ्याला पोर्तुगीजांची. १९०२ मध्ये मार्ग चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. कापसाऐवजी या रेल्वेने माणसं जास्त वाहिली असं मला वाटतं. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला निघालेली गोंयकार मंडळी ट्रंका घेऊन याच पुलावरून गेली. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि गाड्या थांबल्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर घाट पुन्हा जोडला गेला. नव्वदच्या दशकात मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं. आज माल बऱ्याच प्रमाणात उलट्या दिशेने जातो. मुरगावला उतरलेला कोळसा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे.

आणि या कोळशावरूनच अलीकडचा वाद. तिनईघाट–कॅसल रॉक–कुळे मार्ग दुहेरी करायचं ठरलं. मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून आणि भगवान महावीर अभयारण्यातून जाणारा हा पट्टा, सुमारे २४० चौरस किलोमीटरचं संरक्षित रान. रेल्वेबरोबर महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनीही होती. २०२० मध्ये 'आमचें मोलें' या नावाने गोव्यातली तरुण मुलं रस्त्यावर आली, आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. रान, गवे, शेकरू, धनेश यांच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझं म्हणणं दगडापुरतं आहे. हा पट्टिताश्म खालून कितीही टणक असला तरी एवढ्या पावसात वरून कुजतो. फेल्डस्पारची पांढरी चिकणमाती होते, भेगा सैल पडतात. त्या कुजलेल्या थराला झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेलं असतं. डोंगर नव्याने कापला की तो आधार जातो. २३ जुलै २०२१ ला काय झालं आठवा. चिपळूणला वाशिष्ठीचा महापूर आल्याने कोकण रेल्वे बंद होती, म्हणून मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी या घाटातून वळवली. दूधसागरच्या खालच्या बाजूला दरड आली आणि इंजिन-डबे घसरले. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. एकशेतीस वर्षांपूर्वी कापलेला डोंगर अजून निवळलेला नाही. त्याच्या शेजारी आणखी एक काप घालताना दहा वेळा विचार व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याचाही वाद आहेच. दूधसागर नदी पुढे खांडेपार होते आणि खांडेपार मांडवीला मिळते. मांडवीचंच दुसरं नाव म्हादई, म्हणजे हे सगळं म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी. वरच्या अंगाला काटला आणि पाळणा हे ओढे आहेत. ते काळी नदीच्या खोऱ्यात वळवावेत अशी कर्नाटकाची मागणी होती. म्हादई लवादाने २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दिलं, आणि भांडण तरीही मिटलेलं नाही. दूधसागर बघणारा माणूस धबधब्याला नदीपासून तोडून बघतो. पण खांडेपार नदीवर ओपा इथे जलशुद्धीकरण केंद्र आहे, आणि फोंड्याला, पणजीला प्यायचं पाणी तिथून जातं. वर रान राहिलं तर पाणी मुरेल, मुरलं तर मे महिन्यात नदीला ओल राहील, आणि नदीला ओल राहिली तर पणजीतल्या हॉटेलच्या नळाला पाणी येईल. हा हिशेब सरळ आहे.

आता तुमच्या सहलीचं बघू. ऑक्टोबरअखेर हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात जीपचा रस्ता बंद असतो, कारण त्यात ओढे ओलांडावे लागतात. पाऊस ओसरल्यावर, सहसा ऑक्टोबरात, तो खुला होतो. तारीख दर वर्षी मागेपुढे होते, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. कुळ्याहून परवाना असलेल्या जीपनेच जायचं, आपली गाडी आत नेता येत नाही. अंतर दहा-बारा किलोमीटरच आहे, पण रस्ता रानातला, खडबडीत. आईंना पाठीचा-मणक्याचा त्रास असेल तर पुढची सीट मागून घ्या आणि उशी न्या. जीप थांबते तिथून पुढे धोंड्यांवरून थोडं चालावं लागतं, आणि खरी अडचण ही आहे. धोंडे गुळगुळीत आणि तुषारांनी ओले. चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला. काठी न्या. गुडघे दुखत असतील तर शेवटच्या डोहापर्यंत जायचा हट्ट करू नका. वाटेत जिथून वरचे टप्पे आणि पूल दिसतो तिथल्या एखाद्या कोरड्या धोंड्यावर दोघांना बसवा. तिथून देखावा अधिक पूर्ण दिसतो, कारण डोहाजवळ गेलं की फक्त खालचा टप्पा दिसतो. पिशवीत खाण्याचं असेल तर चेन लावून ठेवा, माकडं हातातून घेतात.

सकाळी लवकर पोचा, गर्दी आणि ऊन दोन्ही कमी. मात्र धबधबा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे कड्यावर सरळ ऊन दुपारकडे येतं. फोटोचं वेड असेल तर त्याप्रमाणे ठरवा.

डोहात उतरायचं असेल तर जीवरक्षक जाकीट अंगावर हवं, पोहता येत असलं तरी. पाणी गार असतं, तळ एकदम खोल जातो, आणि पडणाऱ्या पाण्याच्या जवळ खाली ओढ असते. हवा मिसळलेल्या पाण्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते कळायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मी मुलांकडून पाठ करून घ्यायचे. ऑक्टोबरात परतीचा पाऊस घाटावर संध्याकाळी कोसळतो, आणि तळाशी तेव्हा ऊन असू शकतं. वर काय झालंय ते पाणी सांगतं. नितळ पाणी अचानक चहासारखं झालं, त्यात सुकी पानं आणि काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज जाड झाला, तर सामान न आवरता आधी वर चढा. एकदा आमच्या गटाने पाण्यात पानं दिसताच डोह सोडला होता. डबे राहिले खालीच. दहा-बारा मिनिटांत ते डबे ठेवलेला धोंडा पाण्याखाली होता.

मोलेजवळ डेव्हिल्स कॅनियन नावाची घळ आहे, तिथले रांजणखळगे बघण्यासारखे आहेत. निघोजला कुकडीचे पाहिले असतील तर भोवऱ्यात गोटे फिरून दगड कसा कोरला जातो ते तुम्हाला ठाऊक असेल. तिथे बेसाल्ट, इथे हा जुना दगड. फक्त वरूनच बघा, त्या पाण्यात उतरू नका.

पणजीला परत जाताना रस्ता उसगाव-तिस्क सोडून खांडेपारच्या पुलावरून जातो. तिथे क्षणभर काच खाली करा. संथ, हिरवं, काहीच न घडल्यासारखं वाहणारं पाणी दिसेल. आईंना सांगा, सकाळी पांढरं होतं ते हेच.